सात नंबरची कॉट

त्या दवाखान्याने एका नर्सबाईला फसवलं आणि तिला पुढे करून मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाची बाजू घ्यायची याचा घोळ नको. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहून काही होतं यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे.

मी भाजीचा आडत्या. आता दुकान मुलगा बघतो, पण नाशिकच्या बाजारात मी स्वतःच्या जिभेवर उभा राहिलो. ही जीभ मला थोरल्या बहिणीने दिली. आक्का बुधवारच्या बाजारात गोदावरीच्या काठाला मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी पाणी मारायला. "गिऱ्हाईक जुडी टाकून निघालं की लगेच हाक मारायची नाही," ती सांगायची. "जरा जाऊ द्यायचं. मागे वळून बघितलं तर आपलं. नाही बघितलं तर ते आपलं नव्हतंच." लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि ती माघारी आली. तिला मूलबाळ नाही. माझं जे काही झालं त्यात तिचा हात होता, आणि ते ती दिवसातून एकदा तरी ऐकवायची.

मोठ्या बाजारात आलो तेव्हा जुने व्यापारी रुमालाखाली सौदे करायचे. दोघांनी हात रुमालाखाली घ्यायचे, बोटं दाबायची, भाव ठरायचा. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडे बघायचा. पुढे उघड लिलाव आला, सगळ्यांसमोर बोली लागायला लागली आणि माझ्यासारख्या मागून आलेल्याला जागा मिळाली. तेव्हापासून झाकून केलेल्या गोष्टीचा मला राग येतो. तसा मला राग कशाचाही येतो, पण याचा जास्त.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला आक्काला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला. आधी घरीच काढे झाले. ताप हटेना तेव्हा त्या दवाखान्यात नेलं. तिथल्या स्वयंपाकघराला भाजी माझ्याकडूनच जायची. फरशी आरशासारखी, भिंतींना हिरवा ऑइलपेंट, आणि मोठे डॉक्टर विलायतेला शिकून आलेले. ते वॉर्डात शिरले की नातेवाईक चपला हातात घेऊन बाहेर पळायचे. मला ती शिस्त आवडली होती. दुकानात मीही तसाच होतो.

बायकांच्या वॉर्डात आक्काला खिडकीजवळची सहा नंबरची कॉट मिळाली. शेजारच्या सात नंबरवर एक म्हातारी होती, ती तिसऱ्या दिवशी वारली. चादर बदलली, लोखंडी कॉट फिनाईलने पुसली आणि दुपारी तिथे दिंडोरीकडची एक बाई आणली. तिला साखरेचा आजार होता, पायाला जखम. तिच्या मुलाने आजूबाजूला विचारलं आणि तो तिथेच अडून बसला.

"आमी आईला हितं नाय निजवनार. सकाळीच मानूस गेलंय या खाटंवर."

आया मावशी म्हणाली, "हळू बोल रं. मोठ्या डाक्टरानी ऐकलं तर तुला नि मला दोघांना भाईर काढत्याल."

मेलेल्या माणसाच्या कॉटवर झोपायला कोणी तयार नसायचं हे नाशकातल्या प्रत्येक वॉर्डला माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांनाही माहीत होतं, आणि त्यांनी त्याला सक्त मनाई केली होती. असले चाळे माझ्या दवाखान्यात चालणार नाहीत, कॉट बदलताना जो दिसेल त्याला घरी पाठवीन, असं ते सगळ्यांदेखत बोलले होते. त्यामुळे कॉट बदलणं थांबलं नाही, ते दिसायचं थांबलं. राऊंडच्या वेळी पेशंट आपापल्या कॉटवर असायचे. डॉक्टरांची पाठ फिरली की ज्याला जिथे जायचं तिथे जायचा आणि पुन्हा राऊंडच्या आधी आया हाकारा करायची, "चला बायांनो, आपापल्या नंबराला." वॉर्डातल्या रोजच्या नर्सना हे पाठ होतं. कोणाची झोपायची कॉट कुठली आणि राऊंडची कुठली, हे त्या आयाला विचारून घ्यायच्या. विचारायच्या तेही हळू आवाजात.

दिंडोरीच्या मुलाचं रडगाणं ऐकून आक्काच उठली.

"घाल रे बाबा तुझ्या आईला माझ्या खाटेवर. मी जाते तिकडे. मेलेली बाई मला काय चावणार आहे? जिवंत बाया मला चावून झाल्यात."

सगळा वॉर्ड हसला. माझी बायको तिथे होती, तिनेच मला हे सांगितलं. ताप अंगात असताना आक्काने जागा सोडली, कारण त्या मुलाचा चेहरा तिला बघवेना.

कागदोपत्री सात नंबर दिंडोरीच्या बाईचाच होता, म्हणून सातव्या कॉटला रोज सकाळी चहाच्या आधी इन्शुलिनची सुई होती. एका सकाळी रोजची नर्स रजेवर गेली आणि तिच्या जागी पुरुषांच्या वॉर्डातून एक नर्सबाई पाठवली. तिला बायकांच्या वॉर्डातली ही दोन कॉटची रीत कोणी सांगितली नाही. सांगणार कोण? अशी रीत आहे हेच मुळी मान्य नव्हतं. ती ट्रे घेऊन आली, सात नंबरपाशी थांबली, हात पुढे करायला सांगितला. आक्काने केला. तिलाही रोज कसली ना कसली सुई असायचीच.

नेमका त्या दिवशी दूधवाला उशिरा आला, म्हणून चहा उशिरा. मुदतीच्या तापात आक्काच्या पोटात आधीच काही नव्हतं. तिला घाम फुटला. माझी बायको शेजारी बसलेली. तिने घाम पाहिला आणि तिला आनंद झाला. ताप उतरायला लागला की घाम येतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तिने आयाला बोलावून दाखवलं. मावशी म्हणाली, "चांगलं झालं ताई, आता मोकळी होतेय. पांघरून काढू नका, वारं लागंल." दोघींनी मिळून आक्काला दोन चादरी लपेटल्या. ती काहीतरी असंबद्ध बोलत होती. मेथीचा भाव सांगत होती म्हणे. मग बोलायची थांबली. झोप लागली असं यांना वाटलं.

चहा आला तेव्हा दिंडोरीची बाई खिडकीजवळून म्हणाली, "बाई, माझी सुई राहिली ना. सुईबिगर च्या कसा पिऊ?"

नर्सबाई वळली. तिने सहाकडे पाहिलं, मग सातकडे. माझी बायको सांगते की तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. ती धावत आली, चादरी ओढून काढल्या, आक्काच्या गालावर थापट्या मारल्या. डोळे उघडेनात. तिने आयाला साखरेच्या सलाईनच्या बाटलीला पळवलं, डॉक्टरांची वाट न बघता सुई शिरेत घातली, आणि माझ्या बायकोला सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने सांगितलं, "ताई, माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या पेशंटची सुई यांना दिली. यांची साखर उतरली आहे. कोणीतरी जा आणि डॉक्टरांना बोलवा, हेच सांगा, जसंच्या तसं सांगा."

तिने तेव्हा तोंड उघडलं नसतं तर लपेटलेल्या चादरीतच आक्का गेली असती, आणि आम्ही ताप उतरला म्हणून देवाला नारळ फोडला असता.

मला दुकानात निरोप आला. लिलाव चालू होता, तो टाकून मी आलो. वॉर्डाच्या दारात ती उभी होती. बारीक चणीची, तिशीतली बाई. मी हात उगारूनच गेलो. माझ्या हाताची बाजारात ख्याती होती.

"तूच का ती?"

"हो. मीच."

उगारलेला हात तसाच राहिला. बाजारात मी आयुष्यभर माणसं पकडली. वर चांगला आणि खाली सडका कांदा भरणारी, मापात अंगठा घालणारी. पकडल्यावर 'हो, मीच' असं म्हणालेला एकही माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता. मी आत जाऊन आक्काच्या पायाशी बसलो.

आक्का वाचली. पण जी उठली ती अर्धी. उजवा हात थरथरायचा. जुडी बांधायला घेतली की मधेच थांबायची आणि हातातल्या काडीकडे बघत राहायची. भाव सांगितला की नाही हे तिला आठवायचं नाही, म्हणून एकाच गिऱ्हाइकाला ती दोनदा दोन वेगळे भाव सांगायची. लोक हसायचे, मग हसायचे बंद झाले, मग मीच तिला बाजारात नेणं बंद केलं.

मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं.

"बसा शेठ. मुदतीच्या तापात कधीकधी जोर मेंदूवर जातो. कोणाच्या हातात नसतं."

"नर्सबाई तर वेगळं सांगते."

"नर्सला काय कळतं त्यातलं?"

मी उठून बाहेर आलो. गिऱ्हाईक मागे वळून बघतं का, त्याची वाट बघत थांबलो. दोन-चार दिवसांनी त्यांनीच पुन्हा बोलावलं. या वेळी ट्रस्टचे एक गृहस्थही बसले होते, कडक इस्त्रीचे कपडे घालून.

डॉक्टर म्हणाले, "शेठ, त्या नर्सला आम्ही कामावरून काढलं. निष्काळजीपणा आणि परवानगीशिवाय सलाईन. आता तरी तुमचं समाधान झालं ना?"

मी म्हणालो, "साहेब, एकाच मालाचे दोन भाव सांगता? ताप डोक्यात गेला असेल तर तिला काढलं कशाला? आणि सुई चुकली असेल तर परवा मला ताप कशाला सांगितला?"

गृहस्थ घसा खाकरत म्हणाले, "जबाबदार माणसाला शिक्षा झाली. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

आता मी सौद्याला बसलो. मला हे येतं, म्हणून बसलो. मी म्हणालो, तिला परत घ्या. सगळ्या नर्सना, आयांना एकत्र बोलवा आणि त्यांच्यासमोर सांगा की या बाईने खरं सांगितलं म्हणून पेशंट वाचला. आणि मेलेल्या माणसाच्या कॉटची ती मनाई उठवा. ज्याला बदलायची त्याला उघड बदलू द्या, आणि सुई टोचायच्या आधी माणसाला त्याचं नाव विचारा. नंबराला टोचू नका.

मोठे डॉक्टर हसले. "म्हणजे दवाखाना अंधश्रद्धेवर चालवायचा?"

"आता कशावर चालतो? तुमची पाठ फिरली की निम्म्या कॉटा बदलतात. तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत आहे."

"असं काही माझ्या दवाखान्यात होत नाही."

त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की माझा आवाज चढला. मी टेबलावर हात आपटला, पेपरवेट खाली पडला. गृहस्थ म्हणाले, "आक्काबाईंना वरच्या मजल्यावर स्पेशल रूम देतो. बाल्कनी आहे. हवा चांगली लागेल."

"मी खोली मागितली का?"

"आमच्याकडून एवढंच होईल."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची भाजी बंद केली. मला वाटलं, स्वयंपाकघर अडलं की येतील. त्याच दिवशी माझ्या समोरच्या गाळेवाल्याने पाट्या पाठवल्या, आणि संध्याकाळी मला बघून तोंडात सुपारी टाकली. पुढची पायरी पेपरवाल्यांची होती. बाजारात येणारा एक बातमीदार माझ्या ओळखीचा होता. त्याच्याकडे जाण्याआधी बाईला विचारावं म्हणून मी नाशिकरोडला तिच्या घरी गेलो.

वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्तीची राख. तिच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दारात जाऊन उभी राहिली. मुलीला आणखी त्रास द्यायला हा कोण आला, असं तिच्या पाठीवरून कळत होतं.

"आक्का कशा आहेत?" बाईने पहिलं हेच विचारलं.

"आहे. भाव विसरते."

मी माझा बेत सांगितला. तिने मधेच थांबवलं.

"भाऊ, पेपरात नका देऊ. त्यांनी माझा अनुभवाचा दाखला अडवून ठेवलाय. गप्प राहिले तर देतील. तो नसेल तर मला दुसरीकडे कोणी उभं करणार नाही, आणि घरात माझ्या मागे दोन बहिणी आहेत."

"मग मी गप्प बसू?"

"तुम्ही माझ्यासाठी भांडताय हे कळतं मला. पण तुमचा आवाज झाला की मार मला बसतो."

मी तांब्यातलं पाणी प्यायलो. मग रागाने नाही, खरंच कळावं म्हणून विचारलं, "पुन्हा असं झालं, तर काय करशील?"

ती म्हणाली, "सलाईन लावीन. आणि विचारलं तर सांगेन, ताप उतरला."

दारातून तिची आई म्हणाली, "हां. हे आधी कळलं असतं तर." यावर दोघी मायलेकी हसल्या. त्या हसण्याचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. आम्ही चोराला पकडतो तेव्हा निदान तो चोर असतो. इथे खरं बोलणाऱ्या बाईला शहाणं करून सोडलं होतं.

मी बातमीदाराकडे गेलो नाही. बाईला दाखला मिळाला आणि ती कुठल्याशा बाळंतपणाच्या दवाखान्यात लागली. आयुष्यात मोडलेला माझा हा एकच सौदा. खरा सौदा दवाखान्याने त्या बाईशी रुमालाखाली केला, आणि त्यात माझी बोटंसुद्धा नव्हती.

आक्का पुढे काही वर्षं जगली. भाच्यांची नावं विसरायची, पण मी घरी आलो की विचारायची, "त्या बाईला परत घेतलं का रे?" मी "बघतोय" म्हणायचो. ती म्हणायची, "कसला आडत्या तू. एवढं जमत नाही."

ती गेल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या काळात, माझ्या दुकानातल्या एका हमालाचा पाय पिंपळगावहून आलेल्या टेम्पोखाली सापडला. त्याच्या मुकादमाने त्याला त्याच दवाखान्यात नेलं. मी शपथ घेतली होती पायरी चढायची नाही म्हणून, पण माणूस माझा. दुपारी त्याला बघायला गेलो. भिंतींचा रंग बदलून पिवळा केला होता. मोठे डॉक्टर निवृत्त झाले होते, दरवाज्यात त्यांचा मोठा फोटो लावला होता. कॉटांवर नंबर मात्र तेच, नव्या रंगाने ठसठशीत काढलेले.

मी बसलो असताना माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी कॉटा बदलल्या. नातेवाइकांनी उश्या उचलल्या, आयाने लगबगीने चादर सारखी केली. माझा हमाल म्हणाला, "सकाळी गेला एक जण तिथला. आता राउंडाला परत येतील बघा आपापल्या जागी. लय मज्जा असते शेठ."

थोड्या वेळाने एक तरुण नर्स ट्रे घेऊन आली. मी उठून तिच्याजवळ गेलो.

"बाई, त्या दोघांनी जागा बदलल्यात. सुई देताना नाव विचारा."

तिने आजूबाजूला पाहिलं. "काका, मला काही दिसलं नाही. तुम्हीही बघितलं नाही."

"अहो, माणूस मरेल!"

"मी आयाला विचारून घेते ना. तुम्ही हळू बोला."

"वरच्यांना सांगा की मग, असं चालतं म्हणून. सांगत का नाही कोणी?"

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "इथे पूर्वी एक बाई बोलली होती म्हणे. पेशंट वाचला आणि बाई गेली. आम्ही नोकरीला लागलो की जुन्या सिस्टर पहिल्याच दिवशी हे सांगतात. बाकीचं मग शिकवतात."

मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. मला अचानक फार थकवा आला, दिवसभर पाट्या उचलल्यासारखा. पण जीभ जुनी. मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहिलो आणि लिलावाच्या आवाजात ओरडलो, "ऐका रे! सुई टोचायला कोणी आलं तर आधी आपलं नाव सांगा! नंबर नाही, नाव!"

कोपऱ्यातून एक पेशंट म्हणाला, "शेठ, बोली कितीपासून सुरू?" सगळे हसले. माझा हमालही हसला. वॉचमन आला, त्याने माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाला, "चला काका, भेटायची वेळ संपली." संपली नव्हती. तरी मी गेलो.

मी दवाखाने चालवलेले नाहीत. पण बाजार चालवला आहे, आणि सडकी पाटी दाखवणाऱ्या हमालाला मी कधी हाकललं नाही. त्याला हाकललं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मला सडकी पाटी दिसलीच नसती, आणि ती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उघडली असती. हे मला कोणी शिकवलं नाही, विलायतेला जावं लागलं नाही. चूक त्या बाईच्या हातून झाली, हे तीच पहिल्यांदा म्हणाली. तिला काढून तुम्ही सुई काढली नाहीत, कॉट काढली नाहीत. बोलणं काढलंत.

मोठे डॉक्टर अजून आहेत. गंगापूर रोडला बंगला आहे, संध्याकाळी काठी घेऊन फिरायला निघतात. समोरून येताना मला ओळखतात आणि रस्ता ओलांडतात. ट्रस्टचे गृहस्थही आहेत, समारंभांना खुर्चीवर पुढे बसतात. मला खोली नको, बाल्कनी नको. आक्का राहिली नाही, त्यामुळे तिच्यासाठी मागण्यासारखंही काही उरलं नाही. ती बाई आता निवृत्तीला आली असेल, तिची नोकरीही कोणी परत देऊ शकत नाही. तरी माझा प्रश्न मी मागे घेतलेला नाही. तुमच्या दवाखान्यात त्या सकाळी एकच माणूस खरं बोललं, आणि तुम्ही त्यालाच घरी पाठवलंत. त्यानंतर ज्यांनी तोंड मिटून घेतलं, आणि त्या मिटल्या तोंडांमुळे जे कोणी चादरीत लपेटून गेले असतील, त्यांचा जाब कोण देणार? डॉक्टरसाहेब, रस्ता ओलांडू नका. थांबा, आणि एकदा उघड, सगळ्यांसमोर सांगा.